मोडलं म्हणून पडले

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिलेत. मनात आत्ता नुसता संताप आहे आणि तो तुलाच ऐकावा लागणार, कारण या घरात माझं कुणी ऐकत नाही.

पाय मोडल्याचं आमच्या चिरंजीवांनी तुला फोनवर कळवलंच असेल. आई दुकानात चिंधीवरून घसरली, असं सांगितलं असणार. साफ खोटं! मी कटिंगच्या टेबलाशी उभी होते. हातात खडू होता. फ्रॉकची बाही आखून झाली आणि कात्री घ्यायला नुसती वळले, तर मांडीत काडकन वाजलं. आवाज आला तेव्हा मी उभी होते गं! जमिनीवर गेले ती नंतर. पडले म्हणून मोडलं नाही, मोडलं म्हणून पडले. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. चिरंजीव लहान मुलाला समजवावं तसे हो हो म्हणतात आणि सूनबाईंनी दुकानातल्या सगळ्या चिंध्या भरून टाकून दिल्या. फ्रॉकच्या कडेला लावायच्या गोटासाठी जपलेल्या माझ्या पट्ट्याही त्यातच गेल्या.

मांडीत सळई घातली आहे. दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं. हाडांसाठीची आठवड्याची गोळी किती वर्षं घेताय, असं त्यांनी विचारलं. आठ-नऊ तरी झाली असतील, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ही गोळी पुष्कळांची हाडं वाचवते, पण फार थोड्या लोकांचं, वर्षानुवर्षं घेतल्यावर, मांडीचं हाड असं न पडता आडवं तुटतं. आधी काही महिने मांडी दुखते. माझी दुखत होतीच की! मी मशीनच्या पायडलला शिव्या देत बसले. ठराविक लोकांनाच असं का होतं ते अजून नीट कळलेलं नाही, पण रक्तातून, घराण्यातून काही येत असावं असा संशय आहे म्हणे. तशी तपासणी मात्र अजून हाताशी नाही. म्हणून घरात आणखी कुणाचा पाय असा मोडलाय का, हे त्या विचारत होत्या. कुणाचा नाही म्हणून सांगितलं.

आता तुझं. तीच रविवारची गोळी तू घेतेस, माझ्याच आग्रहानं. आणि डावी मांडी ठणकते असं तूच लिहिलं होतंस. गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचार, मनानं काही करू नकोस, पण दोन्ही मांड्यांचा एक्स-रे उद्याच्या उद्या काढ.

राग ओसरला की लोभ आहेच.
तुझी,
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना कागद गरम लागत होता! अंथरुणात पडूनही तुझ्या तोंडाचा पट्टा सुरूच आहे, म्हणजे तब्येत बरी आहे असं समजते.

अगं, माझी मांडी ठणकते ती पार्लरमध्ये दिवसभर उभं राहून. दोघींचे केस कापले की जरा टेकते, पुन्हा उभी. आमच्या डॉक्टरांना विचारलं, तर असलं लाखात एखाद्याला होतं म्हणून त्यांनी हसून सोडून दिलं. आणि खरं सांगू? मला गोळी सुटण्याचीच भीती जास्त वाटते. आईची पाठ आठव. शेवटी शेवटी तिला आपलं तोंड दिसायचं नाही, चपला बघून ओळखायची ती आपल्याला. तसं व्हायचं नाही मला. एक्स-रे काढला आणि कुणी गोळी बंद कर म्हणालं तर मी काय करू? गर्दी कमी झाली की बघते.

आणि घरात कुणी नाही असं कसं सांगितलंस? आपली धडपडी मावशी विसरलीस? अर्थात ती पडली होती म्हणा. जन्मभर शाळेत पोरांना पळायला शिकवलं आणि स्वतः घरातल्या खुर्चीपाशी आडवी! अजून हसू येतं.

लवकर उठून चालायला लाग. माया आहेच, ती तशीच ठेव.
तुझी,
धाकटी

ता. १६ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद आज उधार.

गर्दी कमी झाली की बघते? तुझ्या गिऱ्हाइकांचे केस काय पळून जाणार आहेत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आईची पाठ मलाही आठवते. पाठीसाठी दुसरी औषधं असतात, ती डॉक्टर सांगतील. पण आधी मांडी तर शाबूत राहू दे!

तुझं पत्र वाचताना मावशीच्या नावापाशी मी थबकले. खुर्चीपाशी पडली असं आपण म्हणतो. पण पडली कशी? घसरली? कशाला अडखळली? बारा वर्षं आपण तिला धडपडी म्हणून चिडवतोय आणि हे मला सांगता येईना. मांडीच मोडली होती ना तिचीही? मी तिला पत्र टाकलं आहे.

एक्स-रे काढल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.
ताई

ता. २१ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. एवढ्या वर्षांत मी पडले कशी, हे विचारणारी तू पहिलीच. म्हणून तुला शिव्या जरा कमी देते.

मी पडले नव्हते! खुर्चीतून उठले, उभी राहिले, खिडकीकडे एक पाऊल टाकलं आणि उजवी मांडी तुटली. त्याआधी सहा महिने ठणकत होती. शाळेच्या मैदानाला दोष दिला मी. गोळ्या? हो, याच. तुझ्या आईच्या पाठीचं बघून डॉक्टरांनी मला त्याच्या कितीतरी वर्षं आधीच सुरू केल्या होत्या. हे सगळं मी तेव्हा घसा फोडून सांगितलं. तुम्ही काय केलंत? घरातली पायपुसणी उचललीत, न्हाणीघराला दांडे ठोकलेत, मला एकटीला बाजारात जायची बंदी केलीत. आणि वर ते नाव! अरुंद फळीवरून चालायला मी तीस वर्षं मुलींना शिकवलं, आणि तुमची कालची नातवंडं मला धडपडी आजी म्हणतात. मी हसून घेते. मला काय वाटतं ते कुणी विचारलंय कधी?

ते राहू दे. तुझी आई आणि मी सख्ख्या बहिणी. मी, तू, आणि आता धाकटीचीही मांडी ठणकते म्हणतेस. त्या मूर्ख मुलीला पत्र लिहून उपयोग नाही. मी सकाळच्या गाडीनं तिच्याकडे निघतेय. एकटी. कुणी आडवं आलंच, तर काठी आहे.

तुमच्यावर जीव आहे म्हणूनच इतकी चिडते.
मावशी

ता. २९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक्स-रे काढला, म्हणून लिहायची परवानगी आहे असं धरते. दवाखान्यातूनच लिहितेय.

मावशी थेट पार्लरमध्ये आली. एका बाईंच्या डोक्याला मी रंग लावत होते. मावशीनं काठी फरशीवर आपटली आणि सगळ्यांसमोर माझी अशी हजेरी घेतली की त्या बाईच मला म्हणाल्या, जा हो, माझे केस राहू देत. एक्स-रे काढणाऱ्या माणसानं फोटो बघितला मात्र, मला टेबलावरून पाय खाली टाकू दिला नाही. चाकांच्या खुर्चीतूनच वर नेलं. डाव्या मांडीत, बाहेरच्या बाजूला, बारीक आडवी चीर. अजून थोडे दिवस उभी राहिले असते तर पुरतं तुटलं असतं, डॉक्टर म्हणाले. मोडण्याआधीच सळई घातली. गोळी त्यांनी बंद केली, पाठीसाठी काय द्यायचं ते तपासून ठरवणार आहेत. आपल्या तिघींचं सगळं त्यांनी लिहून घेतलं. तुझी न मोडलेली मांडीही तपासून घे, असं बजावलंय. आता मी तुझ्यावर ओरडते, उद्याच जा!

राग मलाही आला ताई, फार आला. लाखात एखाद्याला म्हणून हसणाऱ्या डॉक्टरांचा आला, आणि मी हसले होते त्याचाही.

आज सकाळी मावशी खिडकी उघडायला उठली. नर्सनं धावत येऊन तिचा दंड धरला, आजी, जपून, पडाल म्हणाली. मावशीनं हात झटकला आणि मी आयुष्यात कधी पडलेली नाही, असं ठणकावलं. नर्स माझ्याकडे बघून समजूतदार हसली, आपले सगळे हसतात तशी. मी उशीवरून उठून, अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं की आमची मावशी खरंच कधी पडलेली नाही.

मावशी खिडकी उघडायचं सोडून तिथेच उभी राहिली, कितीतरी वेळ, कशालाही न धरता.

तुझी,
धाकटी