दिवसाचा तांब्या

दिग्रस
१८ एप्रिल २०२५

चि. सौ. समीक्षास, आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले की तुझ्या बाबांना ऐकू जातं आणि ते चिडतात, म्हणून लिहायला बसले. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांच्या फुप्फुसातली गाठ एक हार्मोन सोडते. पाणी बाहेर जाऊ देऊ नका, असा त्याचा मूत्रपिंडांना हुकूम. मग पाणी अंगातच राहतं, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. म्हणूनच परवा ते एसटीत असल्यासारखे मला कुठे उतरायचं म्हणून विचारत होते.

आता दिवसाला एकच तांब्या पाणी. या उन्हात, पोरी! माठ मी कुलपात ठेवला. काल हा माणूस कूलरच्या टाकीत पेला बुडवताना सापडला. आधी मला हसू आलं, मग रडू आवरेना. शेजारच्या कय्युमभाईंना सांगत होते, ही मले पाण्यावाचून मारून राह्यली म्हणून. मी काय करू ते कळव.

स्वतःला जप. जावईबापूंना आशीर्वाद. आईवर माया असू दे.

तुझी,
आई


नाशिक
२४ एप्रिल २०२५

ती. सौ. आईस, शि. सा. न. वि. वि.

कूलरचं वाचून मीही हसले आणि मग यांच्यासमोरच हुंदका फुटला. आठवा महिना, डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात. नाहीतर कुलपाची किल्ली मीच सांभाळली असती.

आई, विरघळू नकोस. बाबांनी कितीही गयावया केली तरी घोटभरही जास्त द्यायचं नाही. मीठ वर आलं की त्यांचं डोकं ताळ्यावर येईल, मग गाठीवर उपचार सुरू करता येतील. ओल्या फडक्यानं ओठ पूस. कंडक्टरसाहेबांनी जन्मभर लोकांना दटावलं, आता थोडं आपलंही ऐकावं. बाळ झालं की मी येते आणि हवं तेवढं पाणी माझ्या हातानं पाजते, असं त्यांना सांग.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
समू


दिग्रस
११ मे २०२५

चि. सौ. समीक्षास, आशीर्वाद.

जावईबापूंनी तुला सगळं सांगितलंच आहे. तू येऊ शकली नाहीस, ते मनाला लावून घेऊ नकोस. पोटातल्या जिवाकडे बघ.

तू म्हणालीस तसंच मी केलं. मीठ वर आलंही. त्यांना सगळं उमजायला लागलं, मला नावानं हाक मारली, तुझ्या बाळाचं विचारलं. पाणी मागणं मात्र त्यांनी सोडून दिलं. तांब्या पुढे केला की भिंतीकडे तोंड करायचे. हे तुमच्यासाठीच आहे, असं मी परोपरीनं सांगितलं, तर म्हणाले की मले समजते, पण घशाले नाही समजत. माझ्यावर ते रुसूनच होते ग, आणि रुसवा काढायला वेळच मिळाला नाही. गाठीतून रक्त आलं, श्वास कोंडला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. माझ्या काळजाचं पाणी झालं.

शेवटी जमलेल्या बायका म्हणाल्या, आता तोंडात पाणी घाला. मी तुळशीचं पान ठेवलं, चमचा उचलला, मग तो टाकून तांब्याच धरला. ते गिळत नव्हते. ओठांच्या कडेनं सगळं उशीवर जात होतं. मी उठून दुसरा तांब्या भरून आणला, पोरी, आणि या वेळी मला कोणीच नको म्हटलं नाही.

तुझी,
आई