ज्वालामुखीवरून ताईकडे

२ जुलै
चर्चच्या उतारापर्यंत जाऊन आले. गुडघ्याने शिव्या घातल्या, मीही त्याला घातल्या. लुदिवीन — माझी नात — म्हणते, "आजी, चाललीस की लिहून ठेव, तयारी किती झाली ते कळेल." घे, लिहिलं!

३ जुलै
जिनेतचा परत फोन. ऑर्तांसताईची लेक. "मावशी, आई आता मलाही 'अहो बाई' म्हणते. या लवकर. बसने या."

बसने! हिला काय जातंय सांगायला. आई गेली तेव्हा ताईने आईची बिडाची कढई परस्पर उचलून नेली. मी भर रस्त्यात, संत एक्स्पेदीच्या लाल देवळीसमोर ओरडले — ज्वालामुखी पायी ओलांडून येईन, तेव्हाच तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन! म्हणजे कधीच नाही, असंच म्हणायचं होतं. पण तो संत मनातलं धरत नाही, तोंडातलं धरतो. शब्द मोडला की लेकराबाळांवर काढतो. लुदिवीनची आई तेव्हा शाळेत जायची.

आता चालायचं. दुसरं काय.

६ जुलै
लुदिवीनने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. बेटाची ती लांब पायवाट आमच्या कुंपणाला घासूनच जाते. काठ्या टेकत जाणारी परकी माणसं बघून मी इतकी वर्षं हसले. हसा आता मला!

आधी चढ, मग वाळूचं पठार, कड्याजवळ मुक्काम, मग जुन्या लाव्ह्याच्या कडेकडेने खाली सें-फिलीपला, ताईच्या दारात. पाणी वाटेत नाही. पोरीने सुक्या भाताचं पाकीट दाखवलं. गरम पाणी ओतायचं म्हणे.
"हे माणसांचं की कोंबड्यांचं?"
"हलकं असतं, आजी."
"मी डाळभात नेणार. आणि सॉसेजचा रुगाय, आपला तिखट रस्सा."
"डबा कोण उचलणार?"
"तू! मग तुला कशाला नेतेय?"

८ जुलै
दमले.

११ जुलै
जुलै म्हणजे आमच्या बेटावर ऐन थंडी, गवतावर पांढरं हिव. टेकडी अर्धी चढले आणि दगडावर बसले. शेजारचा आंसेल्म गाई घेऊन चालला होता. "काय म्हातारे, स्वर्गाची वाट धरलीस?"
"तुला पुढे पाठवते, जागा धरून ठेव!"
हसत गेला. तो दिसेनासा झाल्यावर उठायला बघितलं, तर पाय उठेनात. बसून राहिले. हे लुदिवीनला सांगायचं नाही.

१४ जुलै
बूट चावतात. मंगळवारी निघायचं.

१७ जुलै
फुटला! मेल्याला आजच मुहूर्त सापडला. ज्वालामुखी पेटला आणि सरकारने पायवाट बंद केली, गाडीरस्ता तेवढा कड्यापर्यंत चालू. कधी उघडणार, कोणी सांगत नाही. तोवर ताईला मी कोण, ती कोण... आणि सगळ्या बेटाला सण! पातेली, चटया, पोरंबाळं घेऊन गाड्या आग बघायला वर निघाल्यात.

बूट कोपऱ्यात फेकले. रडले नाही. कांदे चिरले.

लुदिवीन दारात येऊन उभी राहिली. "जिनेतमावशीशी बोलले. ती मोठ्या आजीला गाडीने कड्यावर आणतेय, आग बघायला. आपणही जाऊ."
"आणि शब्द?"
"कड्यावर उंबरा असतो का, आजी?"
कार्टी संताला फसवायला निघाली! मी म्हटलं, गाडी खालीच सोडायची. शेवटचा चढ मी पायी चढणार.

१९ जुलै
चढ चढून कड्यावर पोचले. ताईने ओळखलं नाही. आईच्या कढईतून स्वतः वाढत होती. "बसा बाई. दमलेल्या दिसता." मग एक ताटली भरून झाकून ठेवली आणि जिनेतवर खेकसली, "याला हात लावायचा नाही! माझी बहीण चालत यायची आहे."

जिनेत माझ्या कानाशी म्हणाली, "रोज ठेवते, मावशी. आजाराच्या कितीतरी आधीपासून."

ताई आगीकडे वळली. मी झाकण काढलं आणि चाटूनपुसून खाल्लं.