पाकिटावरचं नाव

दौलताबाद
ता. ९ डिसेंबर १९८६

रा. रा. ............ यांस,

सरूचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. तिकडचं विचारत नाही. जामिनावर सुटलात, गारखेड्याच्या खोलीवर एकटे असता आणि हातानं भाकरी थापता, एवढं तुमच्या मामांनी सांगितलं. थापा. त्या हातांना काहीतरी बरं काम शिकू द्या.

सीताफळं संपली. आता पेरूची पाटी घेऊन मी किल्ल्याच्या फाटकाशी बसते. गिऱ्हाईक डाव्या अंगानं बोललं तर मला कळत नाही, मग ते चिडतं. आई म्हणते, ध्यान कुठं असतं तुझं? असो.

तुमचा निरोप मिळाला. कोर्टात मी म्हणायचं, की तुमच्याच जोडीला बॉक्सिंग खेळणारा कडुबा नामांतराचं बोलून तुम्हाला डिवचत होता, म्हणून चिकलठाण्याला कंपनीच्या गेटवर हाणामारी झाली. तसं सांगितलं तर जातीतली माणसं तुमच्यामागं उभी राहतील म्हणे. विद्यापीठाच्या नावावरून आधीच गोरगरिबांची घरं जळाली. त्याच आगीवर तुम्हाला आपली पोळी भाजून घ्यायचीय. तुमची मला किळस येते.

भांडण नावावरूनच झालं, हे खरं. पण ते नाव विद्यापीठाचं नव्हतं. मामांना तुम्ही यातलं काही सांगितलं नसणार, म्हणून लिहिते.

त्या रविवारी कंपनीनं बॉक्सिंगवाल्यांना इंग्रजी सिनेमाची तिकिटं दिली होती. तुम्ही, कडुबा आणि मी गेलो. इंग्रजी कळायची गरजच नव्हती. तो गडी रिंगणात हाणायचा तसाच घरी बायकोलाही हाणायचा, उगाच संशय घेऊन. सगळं थिएटर गप्प, आणि तुम्ही शिट्टी मारलीत. कडुबा म्हणाला, "आरं, रिंगणात घंटा तरी वाजती. घरात कोन वाजविनार?" मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

खोलीवर आल्यावर मी म्हटलं, "कडुबा, जेवून जावा." तो जेवला आणि गेला. दार लावून तुम्ही म्हणालात, "त्याचं नाव कसं गोड निघतंय तोंडातून. माझं एकदाबी घेतलं नाय तू. घे."

मला वाटलं, चेष्टा करताय. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कोण घेतं? माझ्या आईनं घेतलं नाही, तुमच्या आईनं घेतलं नाही. दिराचं घ्यावं, शेजाऱ्याचं घ्यावं, तेवढं एक जपून ठेवावं, नाहीतर धन्याचं आयुष्य कमी होतं. मी जपत होते. तुम्हाला त्यात दुसराच माणूस दिसला. "घे, घे" म्हणत राहिलात आणि मग हात चालवलात. डाव्या कानातून रक्त आलं तरी म्हणत होतात. नंतरचं मला ऐकू आलं नाही.

सकाळी कडुबा विसरलेला मफलर न्यायला आला तेव्हा माझ्या कानाला फडकं बांधलेलं होतं. संध्याकाळी गेटवर त्यानं तुम्हाला विचारलं, "वहिनीला मारलंस का?" एवढंच. तो खाली पडला, त्यानं हात जोडले, तरी तुम्ही थांबला नाहीत. त्याचा डोळा गेला.

मी घाटीच्या दवाखान्यात त्याला बघायला गेले होते. म्हणाला, "वहिनी, कशाला आलात? त्याला कळलं तर तुमाला मारील." डोळा गेलेला माणूस माझी काळजी करत होता. आणि तुमच्याकडून मामांसोबत काय आला, तर खोटी साक्ष देण्याचा तो निरोप.

तर आता माझा निरोप. तारखेला मी कोर्टात येणार आहे, माझ्या भावासोबत, आप्पासोबत. वकील विचारतील, बाई, हे कुणी केलं? 'आमच्या घरच्यांनी' किंवा 'यांनी' असलं मी म्हणणार नाही. उखाणाही घालणार नाही.

आजवर तुम्हाला पत्र लिहिलं की पाकिटावर नाव घालायला मी ते आप्पाकडं द्यायचे. आज आप्पानं पेन मागितलं, मी दिलं नाही. मोठ्या अक्षरात मीच लिहिलंय: पुंजाराम भाऊराव औताडे. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचलंसुद्धा. आई चुलीपाशी दचकली.

तुमचं आयुष्य आता तुम्हीच सांभाळा.

सरू