बाबा जिन्यात बसले तेव्हा

बाबा,
तुमचा डोळा लागलाय, म्हणून न उठवता कामावर निघाले. चहा थर्मासमध्ये आहे.

काल तुम्ही किल्ली विसरलात, दार वाजवून दमलात आणि जिन्यात बसून राहिलात. मी आत, कानात हेडफोन घालून जगभरच्या बातम्या चाळत होते. शेजारच्या काकूंनी दार बडवलं तेव्हा कुठे कळलं. वर तुम्हीच म्हणालात, "बाहेर वारा छान होता गं." मला मान वर करवली नाही.

आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवरचे बातम्यांचे एकेक ग्रुप सोडत गेले, तेव्हा त्या ढिगाखाली तुमचा कालचा मेसेज सापडला. "बाळा, बाहेर उभा आहे. हातातलं काम संपव, मग उघड. घाई नाही."

बाबा, माझ्या हातात काहीच काम नव्हतं.