केळीच्या काट्यावर घटलेले बाळ

प्रति,
मा. बालविकास प्रकल्प अधिकारी,
तालुका कार्यालय, जि. जळगाव

विषय : चि. हितेंद्र, वय वीस महिने, यास मोबाइल ॲपच्या लाल यादीतून सोमवारपूर्वी काढणेबाबत.
संदर्भ : अंगणवाडी सेविका ज्योत्स्नाताई यांची तोंडी सूचना.

महोदय,

अर्जदार भटू वना पाटील हा केळी खरेदीच्या काट्यावर तोलणार म्हणून कामास आहे. अर्जदाराची पत्नी सौ. मयुरी हिने बाळाच्या वाढीचे ॲप घेतले असून त्यात पालकांनी दरमहा वजन भरायचे असते. सबब अर्जदाराने बाळास कामावर नेऊन केळीच्याच काट्यावर बसवले. काट्याने साडेतेरा किलो दाखवले. परंतु वर्षानुवर्षांच्या सवयीने अर्जदाराने क्रेटचे दोन व घडाच्या दांड्याचे तीन किलो वजा करून साडेआठ भरले. वास्तविक बाळ क्रेटमध्ये नव्हते व त्यास दांडाही नाही.

त्याच क्षणी ॲप लाल झाले व बाळाचे नाव अंगणवाडीच्या अतिकुपोषित यादीत गेले. आता रोज सकाळी फोन किणकिणतो : ‘आज बाळाला केळे दिले का?’ त्या वेळी बाळाच्या दोन्ही हातांत केळी असतात व तिसऱ्यासाठी ते रडत असते. शेजारपाजारचे लोक दया येऊन अंडी, शिरा, शेंगदाण्याचे लाडू आणून देतात. बाळ कोणासही नाही म्हणत नाही. चोपड्याहून सासूबाई तातडीने आल्या व चारचौघांत म्हणाल्या, “जवाईबापू, बठ्ठा गावले केया वाटतस, आन् पोरले काय दांडा चारतस?” म्हणजे साऱ्या गावास केळी, आणि पोरास नुसता दांडा.

अर्जदाराने वजन दुरुस्त करून पाहिले. ॲप म्हणते, इतकी वाढ अशक्य आहे, पुन्हा मोजा. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकाबाईंनी खात्रीसाठी बाळास कडेवर घेतले, तेव्हा त्यांची कंबर धरली. परंतु ॲपमध्ये कमरेचा रकाना नाही. “यादीत नाव आहे ना भाऊ, मग गाडी येणारच,” असे ज्योत्स्नाताई म्हणतात. सोमवारी ती गाडी मायलेकांस पोषण केंद्रात भरतीसाठी नेणार आहे. तेथे खरोखर अशक्त लेकराची खाट अडेल, आणि आमचा हितेंद्र शेजारच्या खाटांवरचाही खाऊ संपवील, याची अर्जदारास खात्री आहे.

तरी साहेबांनी सोमवारपूर्वी समक्ष येऊन बाळास एकदाच उचलून पाहावे व मग योग्य तो निर्णय द्यावा, ही हात जोडून विनंती. अर्जदार यापुढे बाळातून काहीही वजा करणार नाही.

आपला नम्र,
भटू वना पाटील
शुक्रवार

सोबत :
१. लसीकरण कार्ड (कोपरा बाळाने खाल्ला आहे, भुकेपोटी नव्हे, दाढा येत आहेत.)
२. कमरेचा पट्टा, एक नग (उचलण्यापूर्वी बांधावा.)