शिंगांच्या मुखवट्याआड कोण?

३ मार्च
सुईने बोटांची चाळण झालीये! उत्सव परवावर आला आणि तीन मुखवट्यांना अजून लोकरीची दाढी लावायचीय.

पण मन कशातच नाही. आज सासूबाईंच्या नकळत धाकट्या दिराला फोन केला. वडिलांची होडी कुणाला न विचारता विकून तो बेट सोडून गेला, तेव्हापासून मायलेकांचा अबोला. समजूत घालून ह्यांनीही हात टेकले. म्हटलं, "भाऊजी, मुखवटा घालून या." मुखवटेवाल्याने अवाक्षर काढायचं नाही, घरच्यांनी ओळखेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत नाचायचं. ओळखलं की मुखवटा काढून जेवायला बसायचं — भांडलेल्यांना याहून सोयीचं काय!

शेवटी म्हणाला, "बघतो, वहिनी."

४ मार्च
वारा सुटलाय. पाववाल्यापाशी मन मोकळं केलं. भाऊजींचा लहानपणचा दोस्त तो. म्हणाला, "येईल हो!"

५ मार्च
आला! दुपारी घंटा वाजवत मुखवटेवाले अंगणात शिरले. त्यात एकजण पाय ओढत — भाऊजींचीच चाल!

बाकीच्यांना सासूबाईंनी चुटकीसरशी ओळखलं. "हा सुतार. हा मास्तर — पोट लपतंय का!" याच्यापाशी मात्र अडल्या. लोहार? पोस्टमन? शिंगं हलायची — नाही, नाही. "मग गेल्या साली वारला तो नावाडी?" हशा पिकला. तो बिचारा नाचून नाचून घामाघूम. आणि सासूबाई डोळे टिपत, हसत, नावावर नाव घेतायत!

तेव्हा उमगलं — ओळखलंय यांनी. मग नाव का घेत नाहीत? शेवटी म्हणाल्या, "हरले बाबा!" शिंगांवरून हात फिरवला. "सावकाश जा." तो पुढच्या घरी गेला. माझा जीव तुटला. पण आज त्या दोन घास जास्त जेवल्या.

६ मार्च
सकाळीच भाऊजींचा फोन. वादळामुळे बोट सुटलीच नाही, तो पलीकडच्या धक्क्यावर अडकलाय!

समोर सासूबाई. आता यांना काय सांगू?

"काल पाववाला होता गं," त्याच म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून पाय ओढत होता वेडा. मधूनच डावा, मधूनच उजवा! नाव घेऊन कशाला त्याचा हिरमोड करायचा?"

मग ओले हात पुसले.

"दे तो फोन इकडे. बोलते मी त्याच्याशी."