मामांचं पाचवं व्याख्यान

लोहा, सोमवार

तीर्थरूप दगडोबामामांच्या चरणी भागवतचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मला तीन दिवस अन्न जात नाही.

मामा, मी फार घाबरलो आहे. आमच्या कॉलेजात दरवर्षी प्रत्येक विभाग वार्षिक अहवाल देतो. (देतो म्हणजे गेल्या वर्षीचा काढून वरचं साल बदलतो. ही पद्धत माझ्या आधीची. मी नुसता वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख.) चार-पाच वर्षांपूर्वी तुम्ही सीताफळं घेऊन आला होतात, आठवतं? मी तासावर होतो म्हणून तुम्ही वर्गातच बसलात आणि पोरांना बांधावरच्या कडुनिंबाचं काहीबाही सांगितलंत. आमचे हेडक्लार्क शिवमूर्ती यांनी फोटो काढला आणि अहवालात लिहिलं, 'ज्येष्ठ वनस्पतितज्ज्ञांचे अतिथी व्याख्यान'. (तुम्ही एसटीत कंट्रोलर होतात हे मी त्यांना सांगितलं नाही. चुकलंच माझं.) तेव्हापासून दर ऑक्टोबरात तुम्ही तेच व्याख्यान देत आहात, त्याच चौकड्यांच्या शर्टात. यंदाचं पाचवं.

आता गुरुवारी तपासणी समिती येते आहे. अध्यक्षांनी अहवाल आधीच मागवून वाचले आणि फोन करून कळवलं, की या तज्ज्ञांना भेटायचं आहे. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा विचारला नाही. चौकशी लागली तर विभागप्रमुखपद जाईलच, नोकरीचंही काही खरं नाही. शिवमूर्ती म्हणतात, "सर, लई टेन्शन घेऊन राहिलात तुम्ही. कागद तर समदा बरोबर हाय ना!" त्या बरोबर कागदाचीच मला धास्ती आहे. बाकी ठीक.

तुमचा भाचा,
भागवत

ता. क. : गुरुवारी पहिल्या एसटीने अहमदपूरहून निघा. तोच शर्ट घाला. कडुनिंबावर अर्धा तास बोलायचं आहे.

ता. क. २ : तो शर्ट घालू नका. शिवमूर्तींनी आत्ताच कबूल केलं, की गेल्या मार्चात विभागाचा एक कार्यक्रम कमी पडत होता म्हणून त्यांनी तुमची शोकसभा दाखवली. उपस्थिती चौऱ्याऐंशी. (त्यानंतर ऑक्टोबरात तुमचं व्याख्यान झालंच.) तेव्हा कृपा करून स्वतःचे जुळे भाऊ म्हणून या.

ता. क. ३ : मामींनाही आणा. शोकसभेत त्यांनी, 'हे अखेरच्या श्वासापर्यंत विद्यार्थ्यांसाठीच जगले' असं भाषण केल्याची नोंद आहे. तेवढं एक वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या.